पाकळ्यांचं नाणं

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासमोर घडलेली आहे.

भुतं रात्री दिसतात असं लोक म्हणतात. माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते सकाळच्या उजेडात आणि भर दुपारी झालं, माणसांच्या देखत. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

साल एकोणीसशे सदुसष्ट. जानेवारीतली कडक थंडी. ठिकाण चिंचवड.

माझं नाव पद्मा. मॅट्रिक झाले आणि स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये तपासणीच्या कामाला लागले. शेडचं नाव सांगत नाही, मालकांची मुलं अजून तिथंच धंदा करतात. तेव्हा आजूबाजूला नवे कारखाने उभे राहत होते. सगळीकडे खडीचे ढीग, ट्रक आणि केसांत जाऊन बसणारी धूळ.

आमच्याकडे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राचा एक भाग बनायचा.

नाणं ओळखणारा भाग.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. यंत्रावर उभं राहायचं, दहा पैसे टाकायचे, आत दिवे लुकलुकायचे आणि वजन छापलेलं जाड तिकीट खाली पडायचं. पण लोक त्यात लोखंडी चकत्या टाकायचे. नाण्याएवढ्याच, नाण्याइतक्याच जड. यंत्र फसायचं. म्हणून आमचा भाग नाण्याची कड तपासायचा.

तेव्हाचं दहा पैशाचं नाणं गोल नव्हतं. त्याच्या कडेला फुलासारख्या पाकळ्या होत्या. नाणं एका उतरत्या पन्हळीतून घरंगळत जायचं. वरून स्टीलची एक पातळ पाती त्याच्या कडेला टेकलेली असायची. पाकळी आली की पाती वर, खाच आली की खाली.

टिकटिकटिक…

पाती अशी नाचली की झडप उघडायची. खट्. नाणं आत.

गोल चकती टाकली तर पाती हलायचीच नाही. काही आवाज नाही. चकती गुपचूप खालच्या वाटीत परत यायची.

खऱ्या नाण्याला आवाज, खोट्याला शांतता. दिवसभर आम्ही तेच ऐकत बसायचो.

आम्ही म्हणजे मी आणि कस्तुरा. दोघींच्या टेबलांमध्ये प्लायवूडची आडभिंत होती. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, पण बोलणं ऐकू यायचं. कस्तुरा रहाटणीची. तिचा नवरा दौलतराव आमच्याच शेडमध्ये फिटर होता. तो भाग जुळवायचा, आम्ही दोघी नाणी सोडून बघायचो. भाग पास झाला की मी त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे, कस्तुरा निळा.

कस्तुरा फार मऊ स्वभावाची होती. टेबलावर मुंगी आली तर फुंकर मारून बाजूला करायची. कुणी ओरडलं तर स्वतःच हसून मोकळी व्हायची. तिला पाच वर्षांची एक मुलगी होती, छबू. दिवसभर मुलीच्याच गोष्टी चालायच्या.

त्या जानेवारीत तिचं बोलणं कमी झालं.

एकदा डबा खाताना तिच्या मनगटावर मला काळं-निळं दिसलं. मी विचारलं तर तिनं पदर ओढून घेतला.

“पद्माताई, मी छबूला घेऊन आईकडं वडगावला जाणार हाय,” ती हळूच म्हणाली. “कायमची.”

“दौलतरावांना सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतलीच ती सकाळ.

धुकं इतकं होतं की शेडच्या दारातून रस्ता दिसत नव्हता. रहाटणीची माणसं तेव्हा पवनेच्या बंधाऱ्यावरून चालत अलीकडे यायची. दौलतराव वेळेवर आला. एकटाच.

“कस्तुरा नाही आली?” मी विचारलं.

“तिला बरं न्हाई. घरी झोपलीय.”

मी आत जाऊन कामाला बसले. पत्र्याच्या शेडमध्ये गारठा साचला होता. बोटं वळत नव्हती. थोडा वेळ गेला असेल…

पलीकडून आवाज आला.

टिकटिकटिक… खट्.

मला बरंच वाटलं. आली म्हणायची.

“कस्तुरा, कशाला आलीस गं? बरं नाही ना तुला?”

टिकटिकटिक… खट्.

मला वाटलं, घसा बसला असेल. किंवा रडत असेल. तिला त्रास नको म्हणून मी उठले नाही. एकामागून एक नाणी सुटत होती. तिची लयच तशी होती. नाणं सोडायची, क्षणभर थांबायची, दुसरं सोडायची. ती लय मी झोपेतही ओळखली असती.

थोड्या वेळानं दौलतराव जुळवलेले भाग घेऊन माझ्याकडे आला.

“तुम्ही तर म्हणालात येणार नाही,” मी म्हणाले. “आलीय की.”

“कोण?”

“कस्तुरा. ऐका ना.”

टिकटिकटिक… खट्.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आडभिंतीकडे बघितलं. त्याच्या हातातल्या ट्रेमध्ये भाग खडखडले.

“काय ऐकू? कायबी ऐकू येत न्हाई.”

आवाज मला स्पष्ट येत होता. पलीकडे लेथवर असलेल्या प्रभाकरलाही येत होता. नंतर त्यानं ते शपथेवर सांगितलं.

दौलतरावाला मात्र येत नव्हता.

तो आडभिंतीच्या पलीकडे गेला नाही. ट्रे तिथंच ठेवला आणि पाठमोरा निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी रहाटणीचा एक माणूस धावत शेडच्या दारात आला. धाप लागलेली. मालकांना म्हणाला, “दौलतची बायकू… बंधाऱ्याखालच्या डोहात… म्हशी धुणाऱ्यांना सापडली.”

त्याच क्षणी पलीकडे…

टिकटिक…

आणि थांबलं. ‘खट्’ आलंच नाही.

मी उठले. आडभिंतीच्या कडेनं पलीकडे डोकावले.

स्टूल रिकामं होतं.

पन्हळीत एक दहा पैशाचं नाणं उभं होतं. उतारावर, मध्यातच. कुठं अडकलेलं नव्हतं. त्या उतारावर नाणं थांबू शकत नाही. मी वर्षभर ते काम करत होते, कधी थांबलेलं बघितलं नव्हतं.

बाजूला तपासून झालेले भाग ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर निळा ठिपका.

मी एका ठिपक्याला बोट लावलं.

रंग ओला होता.

डॉक्टर म्हणाले, शेड उघडायच्या आधीच ती पाण्यात पडली होती.

पोलीस आले. सकाळी दौलतराव काय म्हणाला ते मी हवालदारांना सांगितलं. घरी झोपलीय असं म्हणाला होता, हे दोनदा सांगितलं. दौलतराव मान खाली घालून म्हणाला, “झोपली हुती. माझ्या मागनं निघाली असंल. धुक्यात पाय घसरला.” बंधारा शेवाळलेला होता हे खरंच होतं. बघणारं कुणी नव्हतं. पाय घसरून बुडाली, असं कागदावर आलं आणि तिथंच संपलं. ओल्या रंगाचं मी सांगितलं तेव्हा हवालदारांनी मला पाणी प्यायला दिलं.

कस्तुराची आई यशोदाबाई वडगावहून आल्या होत्या. दिवसकार्य झाल्यावर त्या छबूला आपल्याबरोबर घेऊन गेल्या. दौलतरावानं अडवलं नाही.

तो पुन्हा कामाला आला तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यानं पहिला भाग जुळवला. फिटर लोक भाग पुढं देण्याआधी स्वतः एकदा नाणं सोडून बघतात. त्यानं सोडलं.

नाणं घरंगळलं…

आवाज नाही.

पाती हललीच नाही. नाणं खालच्या वाटीत आलं.

त्यानं पाती काढून दुसरी बसवली. पुन्हा तेच. तिसरा भाग घेतला, चौथा घेतला. तेच.

“पाती ढिल्या आल्यात सगळ्या,” तो मालकांवर चिडला.

मालकांनी त्याच्याच हातातलं नाणं घेतलं आणि त्याच भागात सोडलं.

टिकटिकटिक… खट्.

“बरोबर आहे की रे,” मालक म्हणाले.

दौलतरावानं परत घेऊन सोडलं. त्या नाण्याच्या पाकळ्या मला लांबून दिसत होत्या. पाकळ्यांचं नाणं पन्हळीतून जात होतं आणि पाती जागची हलत नव्हती. जणू एखादी गुळगुळीत चकती चाललीय.

सगळी शेड बघत होती. कुणीतरी लेथ बंद केला.

तो दिवसभर नाणी सोडत राहिला. एकही वाजलं नाही. संध्याकाळी हिशेब न घेताच गेला, तो पुन्हा शेडमध्ये आला नाही.

उन्हाळ्यात यशोदाबाईंचा निरोप आला. दौलतरावाचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि त्याला छबू परत हवी होती. रविवारी दुपारच्या गाडीनं पोरीला चिंचवड स्टेशनवर आण, नाहीतर चार माणसं घेऊन वडगावला येतो, असं त्यानं कळवलं होतं. मला येता आलं तर यावं, असं यशोदाबाईंनी सांगून पाठवलं होतं.

मी गेले.

फलाटावर ऊन तापलं होतं. गर्दी नव्हती. चहाचा टपरीवाला पेंगत होता. यशोदाबाई बाकावर बसल्या होत्या आणि छबू त्यांना घट्ट चिकटली होती. पोर आईसारखीच दिसायची.

“बाई, तुमी शिकलेल्या हाय,” यशोदाबाई मला म्हणाल्या. “दोन शब्द सांगा त्याला. ही पोर त्याच्या घरात जगायची न्हाई.”

“सांगते. पण ऐकेल का तो?”

त्यांनी फक्त छबूच्या डोक्यावरून हात फिरवला.

दौलतराव आला. नवा सदरा, नवी टोपी. माझ्याकडे बघितलंच नाही.

“चल छबे.”

छबू हलली नाही.

“दौलतराव, राहू दे तिला आजीकडे,” मी म्हणाले. “लहान आहे. तुमच्या घरात आता नवीन माणूस येणार.”

“माझी पोर हाय. तुमचा काय संबंध?”

त्यानं तिचा दंड धरून ओढलं. पोर रडायला लागली. टपरीवाला जागा होऊन बघायला लागला. लोक बघतायत म्हटल्यावर दौलतरावानं आवाज मऊ केला.

“रडू नगं. ते बघ, वजनाचं यंत्र. तिकीट पायजे का? तिकिटावर चित्र असतंय.”

मी तिकडे बघितलं.

ते यंत्र नवंच बसवलं होतं. नाणं टाकायच्या फटीच्या आत, पितळी पट्टीखाली, जरासा रंग दिसत होता.

निळा.

दौलतरावाला ते दिसलं नसावं. त्यानं छबूला उचलून यंत्रावर उभं केलं आणि खिशातून दहा पैसे काढून टाकले.

शांतता.

नाणं खाली परत आलं.

त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्यानं यंत्रावर बुक्की मारली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं नाणं डोळ्यांजवळ धरलं आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. एकदा, दोनदा. मग तो माझ्याकडे वळला.

“ह्याला पाकळ्या हायेत का?”

“आहेत की.”

“मला लागंनात…”

नाणं त्याच्या हातातून पडलं आणि घरंगळत छबूच्या पायाशी गेलं. तिनं वाकून ते उचललं. रडणं थांबलं होतं. तिनं टाचा उंच केल्या आणि स्वतःच ते फटीत टाकलं.

टिकटिकटिक…

खट्.

आतले दिवे लुकलुकले. काटा फिरल्यासारखी घरघर झाली, जरा जास्तच वेळ. आणि तिकीट पडलं.

ते मी उचललं.

पाच वर्षांची पोर. हाडं दिसत होती अंगावरची. फार तर तेरा-चौदा किलो असेल.

तिकिटावर एका मोठ्या माणसाचं वजन होतं. माझ्याहूनही जास्त.

यंत्रावर छबू एकटीच उभी होती.

मी दौलतरावासमोर तिकीट धरलं. तो आकड्याकडे बघत राहिला. मग त्यानं छबूकडे बघितलं. छबूकडे नाही… तिच्या शेजारी. तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर, रिकाम्या हवेत.

त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. माणूस ओरडण्याआधी तोंड जसं उघडतं, तसं उघडलं होतं. पण आवाज निघाला नाही.

तो मागे सरकला. वळला आणि चालायला लागला. टोपी पडली, ती घ्यायलाही थांबला नाही.

यशोदाबाईंनी छबूला खाली उतरवलं, उराशी धरलं.

“माझी लेक हाय ती,” त्या पुटपुटल्या. “पोरीला सोडायची न्हाई.”

पुढच्या गाडीनं दोघी वडगावला गेल्या. दौलतराव परत कधी छबूला न्यायला आला नाही. त्याचं लग्नही मोडलं.

पण तो स्टेशनवर यायला लागला.

मी कामावर जाता-येता त्याला बघायचे. यंत्रापासून लांब, फलाटाच्या टोकाला बसलेला असायचा. हातात दहा पैशाचं नाणं. अंगठा कडेवरून फिरत असायचा. अंगठ्याचं कातडं गेलं होतं, आतलं लाल दिसायचं. त्याला ते कळत नसावं. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, ह्याला कड हाय का? लोक हसायचे, मग हसायचे बंद झाले. हळूहळू त्याला दुसऱ्या वस्तूंच्या कडाही समजेनाशा झाल्या, असं टपरीवाला सांगायचा. कप ठेवायला गेला की बाकाच्या बाहेर ठेवायचा. पायरी दिसत असूनही पडायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी तो गाडीखाली गेला.

टपरीवाल्यानं डोळ्यांनी बघितलं. तो मला म्हणाला, “ताई, त्यानं उडी न्हाई मारली. चालत गेला. फलाट संपला तरी चालतच ऱ्हायला. पुढं जमीन असल्यावानी.”

लोक म्हणाले, कस्तुरानं सूड घेतला. यशोदाबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, माझ्या लेकीनं नातीला वाचवलं. मलाही तसंच वाटायचं. तसं वाटलं की बरं वाटायचं. कस्तुराच्या आठवणीनं मग भीती वाटायची नाही.

ब्याऐंशी साली छबूचं लग्न झालं, वडगावलाच. मी तेव्हा संत तुकाराम नगरला राहायला आले होते. आहेर घेऊन गेले. हळदीच्या अंगानं बसलेली छबू बघून माझे डोळे भरले. हुबेहूब कस्तुरा. बायका बाहेर गेल्या तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “तुझी आई आज असायला हवी होती. पण तिनं तुला सोडलं नाही. त्या दिवशी स्टेशनवर यंत्रावर तुझ्याशेजारी तीच उभी होती.”

छबू हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत राहिली.

“मला आठवतंय, मावशी,” ती म्हणाली. “माझा हात धरला होता. गार होता हात. मी वर बघितलं होतं.”

“मग? दिसली तुला?”

“दिसलं.”

तिनं दाराकडे बघितलं, कुणी येत नाही ना ते. मग अगदी हळू म्हणाली…

“पण ती आई नव्हती.”

बाहेर वाजंत्री सुरू झाली. बायका तिला न्यायला आल्या. जाताना तिनं माझा हात दाबला आणि मानेनं नाही म्हणून खुणावलं, विचारू नका असं.

मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.